अनुदान चौदा महिन्यांत संपतंय, सॉफ्टवेअर वापरणारे मात्र वाढताहेत

वाचकाचं पत्र

पीएचडी करताना सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांमधल्या पेशी ओळखून मोजणारं एक सॉफ्टवेअर मी लिहिलं आणि मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं. बराचसा भाग पायथन या संगणकभाषेत, वेग हवा तिथे सी प्लस प्लस. सहा वर्षं झाली. आता तीसेक प्रयोगशाळा ते वापरतात, शोधनिबंधांत उल्लेख येतो. सांभाळणारी मात्र मी एकटीच. कोड जिथे ठेवलाय त्या गिटहब या संकेतस्थळावर १८० तक्रारी उघड्या आहेत. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीची नवी आवृत्ती टाकल्यापासून पॅकेज सुरूच होत नाही, असे मेल सारखे येतात. माझं पोस्टडॉकचं अनुदान १४ महिन्यांत संपतं. सर म्हणतात, काहीतरी नवीन घाल, म्हणजे पुढचं अनुदान मागता येईल. मला वाटतं, आहे तेच सावरलं तरी पुष्कळ. पैसे आणू कुठून? की सरळ बंद करून टाकू?

उत्तर

तुम्ही पैशांचं आधी विचारलंत, पण या उत्तरात ते बरेच मागे येतील. अनुदान संपलं म्हणून त्याच दिवशी सॉफ्टवेअर बंद पडत नाही. लोकांच्या संगणकांवर जुनी आवृत्ती असते, ती वर्ष-दीड वर्ष बिनबोभाट चालते. मग पायथनची किंवा नमपायची नवी आवृत्ती येते आणि काहीतरी मोडतं. दुरुस्ती दोन ओळींची असते, कुणीतरी ती करूनही पाठवतं. पण ती स्वीकारून नवी आवृत्ती काढायचा अधिकार ज्या एका माणसाकडे आहे, तो दुसऱ्या नोकरीत असतो आणि जुना ईमेल बघत नाही. बहुतेक पॅकेजं मरतात ती इथे.

म्हणून या १४ महिन्यांत दोन गोष्टी साधायच्या. सॉफ्टवेअरचा पसारा इतका आटोपशीर करायचा, की अनुदान नसतानाही तो सांभाळता येईल. आणि तुमच्याशिवाय नवी आवृत्ती काढू शकणारं निदान एक माणूस तयार करायचं. या दोन गोष्टी झाल्या की पैसे मागणंही सोपं जातं. बंद करायचं ठरलं, तरी यातलं काहीच वाया जात नाही.

आधी तास मोजा. अनुदान संपल्यावर आठवड्याला किती वेळ खरोखर देता येईल? आज वाटतो तितका नव्हे, नवीन नोकरी लागल्यावर उरेल तितका. समजा दोन तास. म्हणजे वर्षाला शंभर. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरमध्ये येते आणि नमपायची साधारण सहा महिन्यांनी. या आवृत्त्यांशी जुळवून घेणं, चाचण्या हिरव्या (म्हणजे यशस्वी) ठेवणं आणि वर्षातून दोनदा आपली आवृत्ती काढणं यात निम्मे तास गेले असं धरून चाला. उरलेल्यात चुकांची दुरुस्ती आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. नवीन सुविधांसाठी काही उरत नाही, आणि हे सरांना याच आकड्यांत सांगायला हवं. आज घातलेली प्रत्येक नवी सुविधा त्याच शंभर तासांतून कायमचा वाटा मागणार आहे.

पसारा कमी कसा करायचा? तुमच्या पॅकेजमधल्या सगळ्या सार्वजनिक फंक्शन्सची यादी काढा. ज्या निबंधांत तुमच्या सॉफ्टवेअरचा उल्लेख आहे त्यांनी जोडलेल्या स्क्रिप्टा आणि गिटहबवरचा इतरांचा कोड शोधून कुठलं फंक्शन खरंच वापरात आहे ते बघा. साधारणपणे मोजक्याच फंक्शन्सभोवती सगळं फिरत असतं. बाकीच्यांना पुढच्या आवृत्तीत इशारा लावा, 'हे अमुक आवृत्तीत जाणार, त्याऐवजी हे वापरा' असा, आणि त्यानंतरच्या आवृत्तीत काढून टाका. इशारा न देता काढलंत, तर चिडलेल्या लोकांना उत्तरं देण्यात वाचवलेला सगळा वेळ जाईल. खिडक्या-बटणांचा भाग असेल तर तो वेगळ्या पॅकेजात टाका. तो सगळ्यात लवकर कुजतो, आणि त्याच्यापायी मुख्य गणिताचा भागही अडकून पडतो.

सी प्लस प्लसच्या भागाकडे मात्र नीट बघायला हवं, कारण खरा खर्च तिथे आहे. पायथनच्या चार आवृत्त्या. लिनक्सचे दोन प्रकार, मॅकचे दोन आणि विंडोज मिळून पाच मंच. म्हणजे प्रत्येक वेळी २० वेगवेगळ्या तयार फाइली, ज्यांना पायथनच्या जगात व्हील म्हणतात. एकाही ठिकाणी बांधणी अडली की आवृत्ती अडली. हा भाग आज खरंच किती वेग देतो ते मोजून बघा. सहा वर्षांपूर्वी जे हाताने लिहावं लागलं, ते आता सायकिट-इमेज किंवा सायपाय या पायथनच्या लायब्ररींमध्ये तयार मिळत असेल. नम्बाने (पायथनचा कोड वेगवान करणाऱ्या साधनाने) लिहिलेलं फंक्शन पुरेसं वेगवान ठरलं तर व्हीलच्या वीस फाइलींची एक होते. ठेवणं भागच असेल, तर पायथनशी जोडणीसाठी नॅनोबाइंड हे साधन वापरून पायथनच्या स्थिर बायनरी इंटरफेसवर, म्हणजे आवृत्ती बदलली तरी न बदलणाऱ्या सांध्यावर, बांधा. पायथन ३.१२ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना मग प्रत्येक मंचाची एकच फाइल चालते, म्हणजे वीसच्या जागी पाच. बांधणीचं काम सीआयबिल्डव्हील या साधनाकडे सोपवा, स्वतःच्या लॅपटॉपवर करू नका.

आता 'सुरूच होत नाही' या तक्रारीकडे येऊ. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली, २००६ नंतरची पहिली मोठी आवृत्ती. नमपाय १ समोर ठेवून बांधलेला सी किंवा सी प्लस प्लसचा भाग नमपाय २ वर लोड होत नाही, हे तुमच्या वापरकर्त्यांना दिसणारं लाल अक्षरांतलं लफडं. उलट दिशेने चालतं: नमपाय २ समोर ठेवून बांधलेली व्हील नमपाय १ मालिकेतल्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालते. म्हणजे पायप्रोजेक्ट या पॅकेजच्या मांडणीच्या फाइलीत बांधणीच्या वेळची अट 'नमपाय २ किंवा पुढची' अशी करा, जोडणीसाठी पायबाइंड११ वापरत असाल तर ती २.१२ किंवा त्यापुढची घ्या, आणि व्हील पुन्हा बांधा. पायथनच्या बाजूला काही जुनी नावं गेली आहेत. ती शोधून बदलायला रफ या साधनात एनपीवाय२०१ नावाचा नियम आहे, तो बरंचसं काम आपोआप करतो. एका दुपारचं काम आहे हे.

पण इथे एक अशी गोष्ट आहे की जी लाल अक्षरांत दिसत नाही, आणि प्रतिमांवर काम करणाऱ्यांना तीच जास्त भोवते. तुमच्या प्रतिमा आठ बिटांच्या असणार, पिक्सेलची किंमत ० ते २५५. कोडमध्ये कुठेतरी एक पिक्सेल उचलून त्यात साधा आकडा मिळवला असेल. पिक्सेल १००, मिळवले २००. नमपाय १ मध्ये उत्तर ३०० यायचं, कारण नमपाय साधा आकडा मोठ्या, जास्त बिटांच्या प्रकारचा धरायची आणि उत्तरही त्याच प्रकारात द्यायची. नमपाय २ मध्ये प्रकार आठ बिटांचाच राहतो आणि २५५ नंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होऊन उत्तर येतं ४४. सोबत एक इशारा छापला जातो, पण हजार प्रतिमांच्या धावत्या कामात तो कोण वाचतो? पूर्ण प्रतिमेत आकडा मिळवला तर आधीही असंच व्हायचं. बदललं आहे ते एकेका सुट्या किमतीचं वागणं. पेशी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एवढ्यानं उंबरठ्याची किंमत (पेशी आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी सीमा) चुकते आणि मोजणी बदलते. पॅकेज 'चालतं', निकाल चुकीचे. म्हणून नुसतं पुन्हा बांधून सोडून देऊ नका. जिथे सुटी पिक्सेल-किंमत गणितात जाते, तिथे ती आधी स्पष्टपणे मोठ्या प्रकारात बदलून घ्या.

हे पकडायचं तर चाचण्या हव्यात, आणि त्या प्रत्येक फंक्शनसाठी लिहीत बसायला तुमच्याकडे वेळ नाही. पाचेक लहान खऱ्या प्रतिमा निवडा, वेगवेगळ्या स्वभावाच्या: एक स्वच्छ, एक गोंगाटाची, एक चिकटलेल्या पेशींची, एक पूर्ण रिकामी, एक सोळा बिटांची. प्रत्येकीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी प्रक्रिया चालवा आणि ज्यांवर तुमचा विश्वास आहे ते निकाल रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या तुमच्या कोडच्या भांडारात) साठवून ठेवा. चाचणी एवढंच बघेल, की आजचा निकाल साठवलेल्याशी जुळतो का. पेशींची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. क्षेत्रफळ, तीव्रता अशा दशांशातल्या किमतींना थोडी सूट द्या, दहा लाखात एक वगैरे, नाहीतर प्रोसेसर बदलला तरी चाचणी पडेल आणि मग लोक तिच्याकडे बघेनासे होतील.

चाचण्या लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चालवा. २०१९ मध्ये रसायनशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या काही पायथन स्क्रिप्टांमध्ये असाच घोटाळा सापडला होता. फोल्डरमधल्या फाइली कुठल्या क्रमाने मिळतात ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असतं. स्क्रिप्टा मात्र तो क्रम ठरलेला आहे असं धरून चालल्या होत्या. एकाच माहितीवर वेगळ्या संगणकांत वेगळी उत्तरं. इलाज काय, तर यादी आधी क्रमाने लावून घेणं, म्हणजे एक शब्द. फाइलींची यादी तुम्हीही घेत असणार. आजच बघा.

सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, आवृत्त्यांच्या तीन जोड्या पुरेशा आहेत: तुम्ही आधार देता त्या सगळ्यात जुन्या आवृत्त्या, सगळ्यात नव्या, आणि अजून प्रसिद्ध न झालेल्या. सायंटिफिक पायथन समुदाय नमपाय, सायपाय वगैरेंच्या रात्री बांधलेल्या व्हील पुरवतो; त्यांवर आठवड्यातून एकदा चाचणी लावली की येणारी मोडतोड काही महिने आधी कळते. ही तिसरी जोडी पडली तरी बाकीचं काम अडू नये अशी मांडा. आणि एक फसवी जागा: सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब वेळापत्रकाने चालणाऱ्या चाचण्या आपोआप बंद करतं. म्हणजे नेमकं तुम्ही दुर्लक्ष करत असता तेव्हाच पहारेकरी झोपतो. दोन महिन्यांतून एकदा हातानं बघण्याची आठवण कॅलेंडरात टाकून ठेवा.

कुठल्या आवृत्त्यांना आधार द्यायचा यावर दर वेळी वाद नकोत. त्याच समुदायाचा 'स्पेक शून्य' नावाचा ठराव आहे: पायथनची आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून तीन वर्षांनी आणि नमपायसारख्या मुख्य पॅकेजांची दोन वर्षांनी सोडून द्यायची. रीडमीत (रिपॉझिटरीच्या ओळखीच्या फाइलीत) एक ओळ टाका, 'आम्ही स्पेक शून्य पाळतो', आणि जुन्या पायथनची मागणी आली की त्या ओळीकडे बोट दाखवा.

काही जण मोडतोड टाळण्यासाठी 'नमपाय २ च्या खालीच' अशी वरची मर्यादा घालतात. चालत्या लायब्ररीत ती शक्यतो घालू नका. दोन पॅकेजांच्या मर्यादा एकमेकींत अडकल्या की वापरणाऱ्याला दोन्ही एकत्र टाकताच येत नाहीत. निबंधाचे निकाल पुन्हा मिळावेत म्हणून आवृत्त्या गोठवायच्या असतील, तर ते काम निबंधासोबतच्या लॉक फाइलीचं, जिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते.

आता माणसांकडे. आधी किल्ल्यांची यादी करा: गिटहबची रिपॉझिटरी, पायपीआयवरचं (जिथून लोक पायथनची पॅकेजं उतरवतात) पॅकेज, कोंडा-फोर्ज या तशाच दुसऱ्या ठिकाणची बांधणीची कृती, दस्तऐवजांचं संकेतस्थळ, डोमेन असेल तर त्याचं नूतनीकरण कोण करतं आणि कुठल्या कार्डावर, झेनोडो या संशोधन-संग्रहाचं खातं, सीआयमधली गुपितं (पासवर्ड, टोकन). प्रत्येकासमोर लिहा: मालक कोण, कुठल्या ईमेलवर. तुमच्या बाबतीत बहुधा सगळीकडे तुम्ही, आणि विद्यापीठाचा ईमेल. करार संपल्यावर तो ईमेल बंद होणार. पायपीआयवर २०२४ पासून दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. फोन हरवला, परत मिळवण्याचे कोड सापडले नाहीत आणि ईमेलही गेला, तर स्वतःच्याच पॅकेजावर स्वतःचा हक्क शाबीत करत बसावं लागतं. (आर या संगणकभाषेत पॅकेज असतं तर आणखी कडक: सांभाळणाऱ्याचा ईमेल परत येऊ लागला की क्रॅन हे तिथलं पॅकेज-भांडार ते पॅकेज संग्रहात टाकून मोकळं होतं.)

रिपॉझिटरी वैयक्तिक खात्यावर असेल तर गिटहबवर संघटना काढून तिथे हलवा. जुने दुवे आपोआप नव्याकडे वळतात. संघटनेला निदान दोन मालक, दोन वेगळ्या संस्थांमधले. पायपीआयवरही दुसरा मालक जोडा. पासवर्ड किंवा टोकन वाटत बसण्यापेक्षा २०२३ पासून पायपीआयवर असलेली विश्वासू प्रकाशनाची सोय वापरा: गिटहबवर आवृत्तीचा टॅग लागला, की सीआय थेट पायपीआयवर फाइली चढवतं आणि कुणाच्याही संगणकावर गुपित उरत नाही.

मग आवृत्ती कशी काढायची ते एका फाइलीत पायरीपायरीने लिहा. बदलांची नोंद कुठे, आकडा कुठे बदलायचा, टॅग कसा लावायचा, कोंडा-फोर्जचा बॉट किती वेळानं प्रस्ताव पाठवतो, झेनोडोवर काय तपासायचं. फाइल बरोबर आहे का याची एकच परीक्षा: दुसऱ्या माणसानं ती वाचून अख्खी आवृत्ती काढायची आणि तुम्ही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. जिथे ते अडतील तिथे फाइल अपुरी. हे अनुदान संपायच्या किमान सहा महिने आधी करा, म्हणजे पुढची आवृत्तीही त्यांनाच काढता येईल.

हा दुसरा माणूस मिळणार कुठे? रीडमीत 'योगदानाचं स्वागत आहे' लिहून कुणी येत नाही. तुमच्या १८० तक्रारी चाळा आणि ज्यांनी नीट तक्रार लिहिली ते बघा: लहान उदाहरण दिलं, आवृत्ती सांगितली, विचारल्यावर परत उत्तर दिलं. त्यातही ज्यांच्या प्रयोगशाळेचं रोजचं काम तुमच्या पॅकेजावर अडतं ते वर घ्या. अशा तीन-चार जणांना खासगीत, नाव घेऊन लिहा आणि ठरावीक छोटं काम मागा: 'ही चाचणी विंडोजवर पडते, बघाल का?' होकार आला की आधी तक्रारी हाताळण्याचा अधिकार, काही महिन्यांनी कोड स्वीकारण्याचा, मग आवृत्ती काढण्याचा. त्यांच्या प्राध्यापकांनाही एक मेल टाका, कारण त्यांच्या वेळेचा हिशेब तिकडे लागतो.

घाई मात्र नको. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. एका थकलेल्या एकांड्या सांभाळणाऱ्याला मदत करत करत कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळात विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि मग घात केला. उघडकीला आलं ते दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा एका अभियंत्यानं छडा लावला म्हणून. तुमच्या क्षेत्रात माणसं शोधनिबंधांतून, परिषदांतून ओळखता येतात; ज्यांना प्रत्यक्ष ओळखणारं कुणी आहे, त्यांनाच किल्ली द्या. याच्या उलटही घडतं. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचे कर्ते जॉन हंटर २०१२ मध्ये गेले, पण प्रकल्प थांबला नाही, कारण मुख्य कोड जाणणारे इतर जण आधीपासून कामात होते.

१८० तक्रारींचं ओझं वाटतं तितकं नाही. प्रत्येकीला तीन मिनिटं दिली तर नऊ तास, म्हणजे दोन दिवस. या फेरीत काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त वाटणी. निकाल चुकतो ती सगळ्यात वर, मग चालतच नाही ती. प्रश्न असेल तर मंचाकडे वळवा. जैविक प्रतिमांसाठी इमेज डॉट एससी हा मंच आहेच, तिथे इतर वापरकर्तेही उत्तरं देतात आणि तुमच्या एकटीवरचा भार हलका होतो. नवीन सुविधांच्या मागण्या दोन ओळींचं सौजन्यपूर्ण उत्तर देऊन बंद करा. जुन्या तक्रारी आपोआप बंद करणारा बॉट लावू नका. त्यानं यादी लहान दिसते, पण मन लावून तक्रार लिहिणारा माणूस दुखावतो, आणि तुम्हाला नेमका तोच हवा आहे.

पैसे. व्यक्तिगत देणग्यांच्या बटणातून पगार निघत नाही. लावा हवं तर, पण त्यावर योजना आखू नका. निव्वळ देखभालीला पैसे देणाऱ्या योजना थोड्या आहेत. चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या देणगीदार संस्थेने २०१९ मध्ये जैववैद्यकीय मुक्त सॉफ्टवेअरसाठी अशी योजना सुरू केली होती. सध्या कुठली खिडकी उघडी आहे ते बघत राहा, पण खरा भरवशाचा मार्ग वेगळा: तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रयोगशाळांच्या अर्जांत शिरणं. त्या दर वर्षी अनुदानं मागतात. त्यांच्या अर्थसंकल्पात सूक्ष्मदर्शकाच्या देखभालीची ओळ असते, तशीच विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरसाठी एका अभियंत्याच्या पगाराचा पाच-दहा टक्के वाटा मागता येतो. अशा तीन-चार ओळी जमल्या तर आठवड्यातला एक-दोन दिवसांचा माणूस उभा राहतो. त्यांना अर्जात चिकटवता येईल असा तयार परिच्छेद तुम्हीच लिहून द्या; रिकाम्या कागदावरून कुणी तुमच्यासाठी लिहिणार नाही.

हा माणूस कुठला? 'संशोधन सॉफ्टवेअर अभियंता' हे पद २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रुजलं आणि आता अनेक विद्यापीठांत अशा अभियंत्यांचे गट आहेत. ते दिवसांच्या हिशेबावर काम घेतात. वर्षाला दहा दिवस विकत घेतले तरी तुमच्या शंभर तासांत मोलाची भर पडते, आणि काम व्यक्तीऐवजी गटाकडे राहतं. मुक्त वैज्ञानिक सॉफ्टवेअरला आधार देणारी नमफोकससारखी, २०१२ पासूनची संस्था पैशांचा हिशेब सांभाळण्याची सोय देते, पण तिथे निर्णयपद्धती लिहिलेली आणि एकाहून जास्त संस्थांतले लोक गुंतलेले लागतात. तुमच्यासाठी ती पायरी आज लांबची आहे.

अर्जासोबत पुरावा लागतो. पायपीआयच्या डाउनलोडचा आकडा देऊ नका. सीआय दर धावेला पॅकेज नव्यानं उतरवतं, त्यामुळे तो फुगलेला असतो आणि जाणकार परीक्षक हसतात. त्यापेक्षा तुमचं सॉफ्टवेअर वापरलेल्या निबंधांची यादी ठेवा. यादी वाढावी म्हणून उल्लेख सोपा करा: रिपॉझिटरीत सायटेशन डॉट सीएफएफ फाइल टाकली, की २०२१ पासून गिटहब 'असा उल्लेख करा' हे बटण स्वतःच दाखवतं. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये छोटा निबंध पाठवा. २०१६ पासून चालू आहे, शुल्क नाही, परीक्षण उघड्यावर होतं आणि परीक्षक प्रत्यक्ष पॅकेज टाकून बघतात. तुमच्या सरांना 'नवीन काहीतरी' हवंय ना, हा निबंध त्यांना दाखवायला उत्तम.

एक पर्याय लोक अभिमानापायी विचारातच घेत नाहीत: मोठ्या प्रकल्पात विलीन होणं. तुमची मूळ पद्धत निबंधांत रुळली असेल, तर ती सायकिट-इमेजला देऊ करता येते, किंवा खिडकीचा भाग नापारी या प्रतिमा बघण्याच्या सॉफ्टवेअरचं प्लगिन (जोडभाग) होऊ शकतो. पॅकेजाचं नाव मागे पडतं, पद्धत टिकते. इथे परवान्याचा अडसर येतो. सायकिट-इमेज बीएसडी या सैल परवान्यावर आहे. तुमचा कोड जीपीएल या कडक परवान्यावर असेल, तर आजवर ज्यांनी कोड दिला त्या सगळ्यांची संमती घेतल्याशिवाय तो तिकडे नेता येत नाही. शिवाय कोडचा मालक तुमचा नियोक्ता असू शकतो. मालक कोण आणि परवाना कुठला, याचं विद्यापीठाकडून लेखी पत्र नोकरी सोडण्याआधी घ्या. नंतर त्या कार्यालयात तुमच्या मेलला उत्तर द्यायचं कुणाला काही कारण नसतं.

काहीही ठरलं तरी संग्रह आजच करा. सर्नने २०१३ मध्ये सुरू केलेलं झेनोडो गिटहबला जोडलं, की प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक. निबंधात ज्या आवृत्तीवर काम केलं तिचाच द्यायला सांगा. सॉफ्टवेअर हेरिटेज हा २०१६ चा प्रकल्प सगळा इतिहासच जपतो. त्यांच्या पानावर रिपॉझिटरीचा पत्ता टाकून 'जतन करा' म्हणायचं, पाच मिनिटांचं काम. डॉकरच्या कृतीवर (सगळं सॉफ्टवेअर एका साच्यात बांधणाऱ्या फाइलीवर) एकट्यावर विसंबू नका: तिचा आधार असलेली मूळ प्रतिमा, म्हणजे तयार साचा, हटली की ती कृती पुन्हा बांधता येत नाही. तयार झालेली प्रतिमा, लॉक फाइल आणि व्हील फाइली, तिन्ही ठेवा.

आणि बंद करायचं झालं तर? सहा महिन्यांत दुसरा माणूस मिळाला नाही आणि वाटा उचलायला कुठलीच प्रयोगशाळा तयार झाली नाही, तर खुशाल बंद करा. त्यात कमीपणा नाही. तारीख सहा महिने आधी जाहीर करा. शेवटच्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या घ्या, आणि एरवी टाळायला सांगितलेल्या वरच्या मर्यादा इथे मात्र घाला, कारण आता पुढचं जग बघणारं कुणी नसणार. ही आवृत्ती कुठल्या पायथन आणि नमपायवर तपासली ते रीडमीत सगळ्यात वर लिहा, पर्याय सुचवा आणि गिटहबवर रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरती करा. पायपीआयवर जानेवारी २०२५ पासून प्रकल्प 'संग्रहित' असा खुणावता येतो, ती खूण लावा. पॅकेज पायपीआयवरून पुसू मात्र नका: जुन्या निबंधांच्या स्क्रिप्टा तर मोडतातच, शिवाय मोकळं झालेलं नाव दुसरं कुणी घेऊन त्याखाली भलतंच काही चढवू शकतं.

या आठवड्यात दोनच कामं करा: पायपीआयच्या खात्याला विद्यापीठाबाहेरचा ईमेल जोडा, आणि नमपाय २ समोर ठेवून व्हील पुन्हा बांधा. साठवलेल्या निकालांशी जुळवून बघितल्याशिवाय ती प्रसिद्ध मात्र करू नका.